शाळेच्या नाटकातले ध्वनिसंकेत : मोफत सॉफ्टवेअर कसे निवडावे?

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक रंगात आले आहे. रंगमंचावरची मुलगी दाराकडे बघत थांबली आहे. दारावर थाप पडली की तिचे वाक्य सुरू होणार आहे. थाप पडत नाही. विंगेत कुणीतरी मोबाइलवर फाइल शोधत असते. काही क्षणांनी स्पीकरमधून आवाज येतो, पण तो थापेचा नसून पुढच्या प्रवेशातल्या पावसाचा असतो. प्रेक्षक हसतात आणि दोन महिने पाठांतर केलेली ती मुलगी पुढचे वाक्य विसरते.

यात चूक त्या मुलीची नसते, आणि बहुतेक वेळा मोबाइल हाताळणाऱ्या विद्यार्थ्याचीही नसते. गाणी ऐकण्यासाठी बनवलेले साधन नाटकासाठी वापरले, ही खरी अडचण. नाटकातील आवाज नेमक्या क्षणी सुरू करण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात आणि त्यांतली काही पूर्णपणे मोफत मिळतात. ती कोणती, शाळेकडे असलेल्या संगणकावर काय चालेल आणि सॉफ्टवेअर मिळाल्यावरही काय करावे लागते, याची ही माहिती.

वसई-विरारमधील शाळांची गरज

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. इतक्या मोठ्या वस्तीत शाळा भरपूर आहेत. स्नेहसंमेलने होतात, डिसेंबरअखेरीस वसईत कला-क्रीडा महोत्सव भरतो, आणि राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धाही असते. मुंबईत १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी लिटल थिएटर सुरू करून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. तेव्हापासून मराठी बालनाट्याने नेपथ्य, प्रकाश आणि संगीत या अंगांकडे गांभीर्याने पाहिले आहे. शाळेच्या नाटकाकडूनही आज तीच अपेक्षा असते.

अडचण अशी की अनेक शाळांमध्ये नाटक होते ते मैदानातल्या मंडपात किंवा शाळेच्या सभागृहात. स्पीकर, मिक्सर आणि माइक भाड्याने येतात आणि ‘साउंडवाला’ प्रयोगाच्या दिवशी दुपारी पोहोचतो. त्याच्या यंत्रणेवर तालीम करायला वेळ मिळत नाही. शाळेच्या हातात राहतो तो फक्त स्वतःचा संगणक. त्यामुळे ध्वनिसंकेत त्या संगणकावर आधीच नीट बसवून ठेवणे हाच शाळेपुढचा खात्रीचा मार्ग आहे.

ध्वनिसंकेत म्हणजे काय?

नाटकात ठरलेल्या क्षणी घडणाऱ्या तांत्रिक कृतीला ‘क्यू’ म्हणतात. दिवे मंद होणे हा प्रकाशाचा क्यू, तर फोन वाजणे हा ध्वनीचा. आवाज सुरू करणे हा जसा क्यू, तसा तो थांबवणे किंवा हळूहळू विरवणे हाही स्वतंत्र क्यू असतो. शाळेत हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. पाऊस कधी सुरू होतो हे संहितेत लिहिलेले असते, पण तो कधी थांबतो हे कुणीच लिहीत नाही. मग पात्रे उन्हात बसून बोलत असतात आणि मागे धो-धो पाऊस चालूच राहतो.

संगणक येण्यापूर्वी हे काम टेपवर होत असे. आवाज क्रमाने टेपवर उतरवून प्रत्येक आवाजानंतर टेप थांबवायची, किंवा एकेका आवाजासाठी वेगळी कॅसेट योग्य जागी आणून तयार ठेवायची, अशी पद्धत होती. त्याआधी पत्रा हलवून गडगडाट आणि नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढत. आजचे क्यू सॉफ्टवेअर तीच कॅसेटची चळत संगणकाच्या पडद्यावर क्रमाने मांडते.

साधा म्युझिक प्लेअर का पुरत नाही?

गाण्यांचा प्लेअर एक फाइल संपली की पुढची आपोआप सुरू करतो. नाटकात नेमके उलटे हवे असते. एक आवाज संपल्यावर संगणकाने गप्प बसले पाहिजे आणि पुढच्या इशाऱ्याची वाट पाहिली पाहिजे. चांगल्या क्यू सॉफ्टवेअरकडून पुढील पाच गोष्टींची अपेक्षा ठेवावी :

• सर्व आवाज क्रमाने एका यादीत दिसावेत आणि पुढचा क्यू कोणता हे ठळकपणे कळावे.
• एकच कळ, बहुधा स्पेसबार, दाबल्यावर तो क्यू सुरू व्हावा आणि यादी पुढच्या क्यूवर जाऊन थांबावी.
• एका वेळी दोन किंवा अधिक आवाज चालावेत. पाऊस चालू असतानाच वीज कडाडली पाहिजे.
• आवाज ठरलेल्या सेकंदांत वाढवता किंवा विरवता यावा.
• गडबड झाल्यास सर्व आवाज एकदम बंद करणारी कळ असावी.

या पाचपैकी पहिल्या दोन गोष्टी नसतील तर बाकीच्यांचा उपयोग नाही. तेरा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला अंधारात, संहितेकडे आणि रंगमंचाकडे आळीपाळीने बघत काम करायचे असते. त्याला माउसने फाइल शोधायला लावणे म्हणजे चुकीला आमंत्रण.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक

पैसे द्यावे लागत नाहीत ते मोफत सॉफ्टवेअर. ज्याची मूळ संहिता खुली असते आणि जे वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो, ते मुक्त सॉफ्टवेअर. प्रत्येक मोफत सॉफ्टवेअर मुक्त नसते. काही कंपन्या मर्यादित आवृत्ती फुकट देतात आणि पुढील सोयींसाठी पैसे घेतात. काही केवळ ठरावीक दिवसांची चाचणी आवृत्ती देतात. ती प्रयोगाच्या आठवड्यात संपू शकते.

शाळेसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा असा की ते संगणक कक्षातील सर्व यंत्रांवर, शिक्षकांच्या घरी आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर कितीही वेळा बसवता येते. ‘क्रॅक’ केलेले महागडे सॉफ्टवेअर मात्र टाळावे. ते बेकायदा असतेच, शिवाय त्यासोबत व्हायरस आला तर ऐन वेळी संगणकच बंद पडू शकतो. कोणतेही सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे.

संगणकानुसार पर्याय

निवड करताना पहिला प्रश्न ‘सर्वांत चांगले कोणते?’ हा नसतो. ‘प्रयोगाच्या दिवशी कोणता संगणक असणार?’ हा असतो.

मॅक असल्यास : ‘क्यूलॅब’ हे व्यावसायिक रंगभूमीवर जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतील ‘फिगर ५३’ ही कंपनी ते बनवते. ते केवळ मॅकवर चालते. परवाना विकत न घेताही दोन चॅनलचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचा, साधा ध्वनी त्यावर चालवता येतो आणि शाळेच्या नाटकाला तेवढे सहज पुरते. ते मोफत आहे, मुक्त नाही. केवळ यासाठी मॅक विकत घेणे शहाणपणाचे नाही. पण एखाद्या शिक्षकाकडे किंवा पालकाकडे मॅक असेल तर हा पहिला पर्याय ठरतो.

लिनक्स असल्यास : ‘लिनक्स शो प्लेअर’ हे खास रंगमंचासाठी बनवलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा परवाना जीपीएल प्रकारचा आहे. त्यात दोन मांडण्या मिळतात. ‘लिस्ट’ मांडणीत क्यू एकाखाली एक असतात आणि ते क्रमाने चालवले जातात. संहितेप्रमाणे जाणाऱ्या नाटकाला ही योग्य. ‘कार्ट’ मांडणीत प्रत्येक आवाजाचे एकेक बटण चौकटीत दिसते. क्रम ठरलेला नसलेल्या कार्यक्रमाला, उदाहरणार्थ प्रश्नमंजूषेला किंवा बक्षीस समारंभाला, ही सोयीची. आवाजाची पातळी, सुरुवात-शेवट आणि विरणे हे सारे यात ठरवता येते. शाळेत पडून असलेल्या जुन्या संगणकावर हलक्या प्रकारचे लिनक्स बसवून तो कायमचा ‘नाटकाचा संगणक’ करता येतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबला आहे. त्यामुळे नव्या विंडोजला न पेलणाऱ्या यंत्रांसाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

विंडोज असल्यास : ‘मल्टिप्ले’ हे क्यूंची यादी चालवणारे मोफत सॉफ्टवेअर हौशी रंगकर्मींमध्ये वापरले जाते. ते मोफत आहे, पण मुक्त नाही. शाळेच्या विंडोजच्या आवृत्तीवर ते नीट चालते का हे तालमी सुरू होण्यापूर्वीच बसवून पाहावे. ‘मिक्स’ हे डीजेंसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यात छोटे आवाज ठेवून वाजवण्यासाठी ‘सँपलर’ असतात. नाटकापेक्षा नृत्य आणि गाण्यांच्या कार्यक्रमाला ते अधिक जुळते, कारण त्यात क्यूंची क्रमवार यादी नाही.

वेगळे सॉफ्टवेअर बसवता येत नसेल तर

काही शाळांत संगणकावर नवे काही बसवण्याची मुभा नसते. तेव्हा दोन युक्त्या कामी येतात.

पहिली युक्ती स्लाइडची. ‘लिबरऑफिस’ या मुक्त सॉफ्टवेअर संचात ‘इम्प्रेस’ हा सादरीकरणाचा भाग असतो. त्यात प्रत्येक स्लाइडच्या बदलाला एक ध्वनी जोडता येतो, पुढचा ध्वनी येईपर्यंत तो परत परत वाजवता येतो आणि आधीचा ध्वनी थांबवण्याचीही सोय आहे. प्रत्येक क्यूसाठी एक स्लाइड करावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत पुढचे संकेतवाक्य लिहावे. ऑपरेटरला पडद्यावर वाक्य दिसते. ते कानावर पडले की त्याने स्पेसबार दाबायचा. शिक्षकांना स्लाइड बनवण्याची सवय असतेच, त्यामुळे नवे काही शिकावे लागत नाही. मर्यादा अशी की एकावर एक दोन आवाज किंवा मध्येच विरणारा आवाज यात सहज जमत नाही. पाऊस आणि वीज हवी असेल तर दोन्ही आधीच एका फाइलमध्ये मिसळून ठेवावे लागतात.

दुसरी युक्ती शांततेची. कोणत्याही साध्या प्लेअरमध्ये प्रत्येक आवाजानंतर दहा मिनिटांची निःशब्द फाइल ठेवायची. आवाज संपला की शांतता ‘वाजू’ लागते आणि क्यू आला की ‘पुढचा ट्रॅक’ ही कळ दाबायची. क्यू जवळजवळ असतील तेव्हा कोणता ट्रॅक चालू आहे यावर मात्र नीट लक्ष ठेवावे लागते, कारण एका क्यूवरून पुढच्या क्यूवर जाताना आधी आवाज आणि मग शांतता असा दोन पायऱ्यांचा हिशेब असतो.

आवाज तयार करणे

ध्वनीची काटछाट करण्यासाठी ‘ऑडॅसिटी’ हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. त्याचा वापर शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे उपयोगी पडतात. या प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांत मुक्त सॉफ्टवेअर शिकवले जाते. नाटकासाठी ऑडॅसिटीत चार कामे पुरेशी आहेत.

१. सुरुवातीची शांतता कापणे : फाइलच्या सुरुवातीला अर्धा सेकंद जरी रिकामा असला, तरी कळ वेळेवर दाबूनही आवाज उशिरा येतो. आवाजाची लाट जिथे सुरू होते तिथपर्यंतचा भाग काढून टाकावा.

२. शेवट विरवणे : समुद्र किंवा पाऊस खटकन तुटला तर कानाला खटकते. शेवटच्या काही सेकंदांवर ‘फेड आउट’ लावावा.

३. पातळी सारखी करणे : वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या फाइल कमी-जास्त मोठ्या असतात. त्या एका पातळीवर आणल्या नाहीत तर मिक्सरवाल्याला प्रत्येक क्यूला धावपळ करावी लागते.

४. ‘वेव्ह’ स्वरूपात साठवणे : एमपी३ फाइल लहान असते, पण ती बनताना सुरुवातीला किंचित रिकामी जागा मिसळते आणि परत परत वाजवायच्या आवाजात सांधा ऐकू येतो. वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. तीस मिनिटांच्या आवाजाला ३०० एमबी लागले, तरी ते साध्या पेनड्राइव्हमध्ये मावतात.

आवाज कुठून मिळवावेत?

सर्वांत चांगला स्रोत बहुधा शाळेच्या आसपासच असतो. विरार लोकलचा फलाटावर शिरतानाचा आवाज, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची गाज, पाचूबंदरावरची मासळीची लगबग, वाडीतल्या विहिरीवरचा पंप, चर्चची आणि देवळाची घंटा, पत्र्यावर पडणारा पाऊस हे सारे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करता येते. मोबाइल वाऱ्याच्या आड धरावा, किमान एक मिनिट न बोलता मुद्रण करावे आणि रस्त्यापासून शक्य तितके लांब उभे राहावे. विद्यार्थ्यांनी स्वतः मिळवलेल्या आवाजावर कुणाच्या परवानगीचा प्रश्न उरत नाही, आणि प्रेक्षकांना तो आवाज ओळखीचा वाटतो.

जे जवळपास मिळत नाही ते इंटरनेटवर शोधावे. बार्सिलोनाच्या पाँपेउ फाब्रा विद्यापीठातील संगीत-तंत्रज्ञान गटाने २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रीसाउंड’ या संग्रहात लोकांनी दिलेले असंख्य आवाज आहेत. ते उतरवण्यासाठी विनामूल्य खाते उघडावे लागते. प्रत्येक आवाजाजवळ त्याचा परवाना लिहिलेला असतो. ‘सीसी झिरो’ असेल तर कोणतीही अट नाही. ‘सीसी बाय’ असेल तर मूळ व्यक्तीचे नाव द्यावे लागते, आणि त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ पुरते. बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या संग्रहातले १६,००० हून अधिक ध्वनिपरिणाम वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरासाठी खुले केले.

सिनेमातली गाणी किंवा पार्श्वसंगीत वापरताना प्रताधिकाराचा विचार करावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांसाठी एक सवलत आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण वाजवता येते, मात्र प्रेक्षक हे संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढेच असले पाहिजेत. बाहेरच्या प्रेक्षकांसाठीचा प्रयोग, खुली स्पर्धा किंवा नाटकाची चित्रफीत यूट्यूबवर टाकणे यांना ही सवलत गृहीत धरता येत नाही. स्पर्धेत उतरायचे असेल तर सुरुवातीपासूनच स्वतः मुद्रित केलेले किंवा मुक्त परवान्याचे आवाज वापरणे सोपे जाते.

क्यू शीट : सॉफ्टवेअरहून महत्त्वाचा कागद

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी आधी कागदावर क्यू शीट तयार हवी. प्रत्येक ओळीत क्रमांक, इशारा, आवाज, पातळी आणि शेवट कसा होतो हे असावे. समजा, शाळा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेवर नाटक करते आहे. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडण्याचे मान्य केले, तो शेवटचा प्रवेश. त्याची क्यू शीट अशी असू शकते :

क्यू १ – तिसरी घंटा झाल्यावर, पडदा उघडण्यापूर्वी : समुद्राची गाज, शून्यातून ४ सेकंदांत वाढते, परत परत वाजत राहते.
क्यू २ – निवेदकाचे पहिले वाक्य सुरू होताच : गाज निम्म्या पातळीवर.
क्यू ३ – पहारेकरी उजवीकडे वळताच : घोड्यांच्या टापा, १२ सेकंद, आपोआप संपतात.
क्यू ४ – “वात पेटवा!” या वाक्यानंतर मनात दोन मोजून : सुरुंगाचा स्फोट, पूर्ण पातळीवर.
क्यू ४अ – स्फोटापाठोपाठ आपोआप : तटाची पडझड आणि कोलाहल.
क्यू ५ – पांढरे निशाण दिसताच : कोलाहल आणि गाज दोन्ही ८ सेकंदांत विरतात.
क्यू ६ – पूर्ण शांततेनंतर, दिवे मंद होऊ लागताच : घंटेचे तीन ठोके.

शेवटचा क्यू केवळ शोभेसाठी नाही. वसईच्या विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या देवळांत बसवल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांपैकीच. एवढा अर्थ असलेला आवाज पाच सेकंद आधी किंवा नंतर आला तर प्रवेशच पडतो.

या यादीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. इशारा नेहमीच वाक्य नसतो, तो वळणे, निशाण किंवा दिवा असाही असतो. त्यामुळे ऑपरेटरला रंगमंच दिसेल अशीच जागा द्यावी. आणि तालमीत नवा क्यू वाढला तर सगळे क्रमांक बदलू नयेत, ‘४अ’ असा मधला क्रमांक द्यावा. नाहीतर दिग्दर्शकाच्या, ऑपरेटरच्या आणि प्रकाशवाल्याच्या कागदांवर एकाच क्यूचे तीन वेगवेगळे क्रमांक पडतात.

जोडणी आणि प्रयोगाचा दिवस

लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत वायरच वापरावी. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो आणि जोडणी मध्येच तुटू शकते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून निघणारी वायर मिक्सरला लागेल अशा पिनची हवी. ती साउंडवाल्याकडे असेलच असे नाही, म्हणून आधी विचारून एक शाळेनेच घेऊन ठेवावी. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घरघर येत असेल तर प्रयोगापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. वीज गेली तर स्पीकर बंद पडतील, पण बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये क्यूंची यादी होती तिथेच राहील आणि जनरेटर सुरू होताच नाटक त्याच जागेवरून पुढे नेता येईल.

प्रयोगापूर्वी करायच्या गोष्टी :

• सर्व ध्वनिफाइल आणि क्यू यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. पेनड्राइव्हवरून थेट वाजवू नये. तो निघाला की यादीतले आवाज हरवतात.
• त्याच फोल्डरची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवावी आणि ती तिथे उघडून, वाजवून पाहावी.
• वाय-फाय बंद करावे. अपडेट, सूचना आणि संगणकाचे स्वतःचे टिंग-टिंग आवाज बंद करावेत.
• पडदा काळा होणे आणि संगणक झोपणे या सोयी बंद ठेवाव्यात.
• मोबाइल वापरावाच लागला तर तो ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा. ऐन प्रवेशात आलेला फोन सगळ्या सभागृहाला ऐकू जातो.
• साउंडवाला आल्यावर सर्वांत मोठा आणि सर्वांत हळू असे दोन आवाज वाजवून मिक्सरची पातळी ठरवावी आणि तिथे खूण करावी.

मैदानावरच्या प्रयोगाला कायद्याचीही चौकट आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहाबाहेर तो वापरता येत नाही. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. वसई-विरारमध्ये २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. परवानगीची चौकशी स्थानिक पोलीस ठाण्यात वेळेत करावी आणि नाटक कार्यक्रमाच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवावे. भाषणे लांबली की शेवटच्या नाटकालाच कात्री लागते.

कळ कोणी दाबायची?

अनेक शाळांत हे काम ऐन वेळी संगणकाच्या शिक्षकांवर येते. त्यांनी नाटक पाहिलेलेच नसते. ध्वनिसंकेत चालवणारी व्यक्ती पहिल्या वाचनापासून नसली तरी किमान शेवटच्या दोन आठवड्यांच्या प्रत्येक तालमीला हवी, आणि ती विद्यार्थीच असलेली चांगली. रंगमंचावर उभे राहायला संकोचणाऱ्या, पण नाटक आवडणाऱ्या मुला-मुलींसाठी ही खरी भूमिका आहे. तालमीत लॅपटॉपच्या लहान स्पीकरवर का होईना, पण आवाज रोज वाजले पाहिजेत. म्हणजे नटांना थापेची वाट किती पाहायची हे कळते, आणि ऑपरेटरला कोण कुठे श्वास घेतो हे कळते.

रंगीत तालमीनंतर यादीत बदल करू नये. पर्यायी ऑपरेटर म्हणून आणखी एका विद्यार्थ्याला सगळे क्यू एकदा तरी चालवू द्यावेत, कारण ताप कुणालाही येऊ शकतो. आणि कार्यक्रमपत्रिकेत नटांबरोबर ध्वनिसंकेत सांभाळणाऱ्याचेही नाव छापावे. सॉफ्टवेअर मोफत मिळते. दाराकडे बघत थांबलेल्या मुलीला वेळेवर थाप ऐकू येते ती मात्र विंगेतल्या या मुलाच्या दोन आठवड्यांच्या तयारीमुळे.